आवडाबाईंचे अकरा सेकंद

दाजींनी देवळाजवळच्या फळ्यावर सूचना लिहिली शुक्रवारी संध्याकाळी. त्यांच्या मुलीला, मंजुळाला, ती कळली रविवारी सकाळी, नळावर एका म्हातारीने "हंडा पितलेचा हाय का ष्टीलचा?" असं विचारलं तेव्हा.

मंजुळा बादली तिथेच ठेवून फळ्याकडे धावली. खडूचं अक्षर वळणदार होतं. पंचवीस वर्षं वागळे इस्टेटीतल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पाट्या रंगवलेला हात तो.

"कळविण्यास आनंद होतो की, रविवार दि. १७ जानेवारी १९८८ रोजी सकाळी नऊ वाजता आमच्या अंगणात बर्फाच्या पाण्यात हात ठेवण्याची शास्त्रीय स्पर्धा होईल. प्रवेश मोफत. सर्वांत जास्त वेळ हात ठेवणाऱ्यास आकर्षक हंडा. कळव्याच्या मंडळींनीही यावे. संयोजक."

यातलं प्रत्येक वाक्य वाईट होतं, पण कळव्याचं सर्वांत वाईट होतं. खाडीच्या अलीकडे ठाण्याच्या चेंदणीत राहणारे कोळी आणि पलीकडे कळव्याला राहणारे, दोघे एकाच पणजोबांचे. त्या पणजोबांनी होडी कोणाला दिली यावरून दोन्हीकडच्यांत जे काही व्हायचं ते मागेच होऊन गेलं होतं. आता दोघे एकमेकांच्या लग्नाला जात, पोटभर जेवत आणि मटणात मीठ कमी होतं असं सांगत घरी येत.

दाजी ओटीवर खुर्च्या मांडत होते.

"बाबा, ही स्पर्धा नाहीये."

"मग काय आहे?"

"तपासणी. बर्फाच्या पाण्यात हात घातला की कधी दुखायला लागतं, हा एक आकडा. कधी सहन होत नाही, हा दुसरा. बस्स."

"मग दुसरा आकडा ज्याचा मोठा, तो पहिला. झाली स्पर्धा."

"त्यात पहिला कोणी नसतो!"

"पहिला नसेल तर माणसं येतील कशाला?"

आठवडाभर दारोदार फिरून मंजुळाला चार माणसं मिळाली होती आणि त्यातल्या दोघींना तो पोलिओचा डोस वाटला होता. दाजींनी हे पाहिलं होतं. पोरीचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे, आणि फळा लिहिण्याखेरीज दुसरा उपाय त्यांना माहीत नव्हता.

मंजुळा मुंबईतल्या एका संस्थेत वेदनेवर संशोधन करत होती. पहिली तीन वर्षं उंदरांवर गेली. दिव्याची ऊब लागली की उंदीर शेपूट किती वेळात हलवतो, ते ती सेकंदांत लिहून ठेवायची. नातेवाईक याला "मंजूचं उंदरांचं" म्हणत. तिची आई सगुणा "डॉक्टरकीसारखंच काहीतरी" असं सांगून विषय बदलायची. आता उंदीर संपून माणसं सुरू झाली होती. चाळीस विद्यार्थ्यांचे आकडे हातात होते. त्यांच्या शेजारी ज्यांचा जन्म बर्फात हात घालण्यात गेला अशा तीस माणसांचे आकडे हवे होते. मंगळवारी समिती बसणार होती. आकडे पटले तर शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढणार, नाहीतर मार्चमध्ये संपणार. संपली, तर डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्याच्या जागेचा फॉर्म सगुणाने कपाटावर, गणपतीच्या मखराखाली, सरळ करून ठेवलाच होता.

"तुमच्या लोकांच्या नसा बोथट झालेल्या असतात," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "त्यांना दुखत नाही. तुम्ही फक्त मोजून या, म्हणजे आपल्याला मांडता येईल." तुमच्या लोकांच्या, हे सर अगदी आदराने म्हणाले होते. म्हणूनच ते तिला जास्त लागलं होतं.

नऊ वाजता कळव्याची बारा माणसं आली. पुढे दाजींचा चुलतभाऊ नामा, आणि मागे दोघांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी.

"हे काय, काका?" मंजुळाने विचारलं.

"आमचा बर्फ. ठान्याच्या बर्फान भुसा जास्त."

"काका, सगळ्यांना एकच बर्फ पाहिजे. नाहीतर तुलना कशी करणार?"

"मंग आमचा वापर. आमी कुटं नाय बोलतो?"

दाजी पुढे झाले. यजमानांच्या बर्फाचा हा अपमान होता. पाव तास चर्चा झाली आणि दोन्ही लाद्या एकाच टपात फोडायच्या ठरल्या. भाऊबंदांत एवढी एकी पणजोबांनंतर प्रथमच झाली, असं दाजींनी आपल्या वहीत टिपून ठेवलं.

नामा पहिला बसला. मंजुळाने टपात थर्मामीटर सोडला, त्याचा हात मनगटापर्यंत पाण्यात ठेवला आणि संस्थेतून मागून आणलेलं थांबघड्याळ दाबलं.

"दुखायला लागलं की सांगा."

"काय दुखाला?"

"हात."

"कोनाचा?"

अंगण हसलं. नामा पाच मिनिटं कळव्याच्या पुलाबद्दल बोलत राहिला. पूल कसा बांधायला हवा होता, कोणाला विचारायला हवं होतं आणि कोणाला विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला. जानेवारीत बर्फात हात घालून घाम येणारा माणूस मंजुळाने प्रथमच पाहिला. तिने ते समासात लिहिलं.

"बस, काका. पाच मिनिटांवर ठेवायचं नाही. नियम आहे."

"नियम कमजोरांना," नामा म्हणाला आणि बोटं मिटत नसलेला हात त्याने हळूच काखेत दडवला.

मग ठाण्याची पाळी. चंदू म्हणजे दाजींच्या मोठ्या बहिणीचा, आवडाबाईंचा मुलगा. मासळीच्या टेम्पोवर असायचा आणि बोलण्यात निम्मं हिंदी. "मंजू, टेन्शन नको घेऊस. आपुन आहे ना," असं म्हणून त्याने हात घातला. मिनिटभराने त्याचे ओठ पांढरे झाले. दुसऱ्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलं.

"चंदू, दुखतंय?"

"छे! कांदा कापतात ना कुठेतरी."

"कुठे?"

"शेजारी असेल."

शेजारच्या घराला कुलूप होतं.

बारा वाजेपर्यंत तीस माणसं झाली. मंजुळाने वहीचं पान पाहिलं. दुखायला कधी लागलं? तीस रेघा, म्हणजे लागलंच नाही. हात कधी काढला? तीस वेळा तीनशे सेकंद, आणि प्रत्येक वेळी तो तिनेच ओढून काढलेला. इतका सरळ आलेख शास्त्रात फक्त मेलेल्या माणसाचा येतो.

दाजी वेगळ्याच चिंतेत होते. तीस जण पहिले आले होते आणि हंडा एक होता.

आणि मंजुळा? तिच्याबद्दल खरं सांगायचं तर ती त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली. हे पान मंगळवारी जसंच्या तसं ठेवलं तर सर खूश होणार होते. त्यांना हवं ते, हवं त्याहून तीस पटींनी मिळालं होतं. दोन वर्षं पक्की होती, परदेशातल्या मासिकात छापून येणंही पक्कं होतं. तिने काही खोटं लिहिलेलं नव्हतं. माणसांनी सांगितलं ते लिहिलं होतं. फक्त ते एकदा छापून आलं की खाडीवरच्या कोळ्यांना दुखत नाही, हे कायमचं खरं ठरणार होतं. मग पुढचा कोणी डॉक्टर टाके घालताना सुईआधी भूल द्यायची की नाही याचा विचार करत बसणार नव्हता.

तेवढ्यात आवडाबाई आल्या.

रविवार हा मासळीचा दिवस. बाजार आटोपल्याशिवाय त्या कोणाच्या बारशालाही गेल्या नव्हत्या, स्वतःच्या पोराच्यासुद्धा. वय सहासष्ट. ठाण्याच्या बाजारात बर्फापुढे बसून अठ्ठेचाळीस वर्षं. अंगण बाजूला सरकलं. कळव्याची माणसंदेखील सरकली.

"आली गो आली," कोणीतरी म्हणालं. "आता बगा. म्हातारी हात घालून झोपल."

स्वयंपाकघराच्या दारात सगुणा उभी होती. ती चंदूला म्हणाली, "चंदू, तुझ्या आईला विचार, चहा आधी की नंतर."

"चंदू, तुज्या मामीला सांग, मंगशी," आवडाबाई म्हणाल्या.

दोघींमध्ये तीन हातांचं अंतर होतं. नणंद-भावजय अठ्ठावीस वर्षं एकमेकींशी सरळ बोलल्या नव्हत्या. मध्ये माणूस नसेल तर मांजर चालायचं. कारण एवढंसंच होतं. सगुणाचं माहेर माजिवड्याचं, भातशेतीचं. लग्न होऊन आल्यावर सासूने तिला आवडाबाईंच्या शेजारी बाजारात बसवलं. पहिल्याच थंडीत बर्फातून बोंबील उपसताना ती रडली, आणि आवडाबाई भर बाजारात हसल्या. चार महिन्यांनी सगुणाने टोपली ठेवली ती ठेवलीच. ते हसू मात्र तिने जपून ठेवलं होतं, लग्नातल्या शालूसारखं, दर दिवाळीला ऊन दाखवून.

आवडाबाई पाटावर टेकल्या. लुगड्याचा ओचा सावरला. टपातल्या बर्फाकडे त्यांनी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

"आत्या, दुखायला लागलं की सांगायचं," मंजुळा एकतिसाव्या वेळी म्हणाली. तिचा आवाज आता सूचनेसारखा राहिला नव्हता.

आवडाबाईंनी मान वर केली. "मंजू, खरा सांगू का जिंकू?"

अंगण पुन्हा हसलं. मंजुळा हसली नाही. घड्याळावरचा तिचा अंगठा थांबला. दोन वर्षं, समिती, कपाटावरचा फॉर्म, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. दाजींना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

"खरं," ती म्हणाली.

आवडाबाईंनी हात घातला. कोणीतरी तपकीर काढली, कोणी सावलीत सरकून बसलं. पाच मिनिटं काढायची होती.

"दुखतंय," आवडाबाई म्हणाल्या आणि हात काढून पदराला पुसला.

अकरा सेकंद.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं.

"आये! काय केलंस हे!" चंदू ओरडला. "मी, मी पाच मिनिटं बसलोय! तुझा पोरगा!"

"ठाना हारला," नामा उभा राहून म्हणाला. त्याच्या घराण्याने या क्षणाची तीन पिढ्या वाट पाहिली होती. क्षण आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा का कोण जाणे फुलला नाही. सकाळी काखेत दडवलेला हात त्याला आठवला.

"हारला त हारला," आवडाबाई म्हणाल्या. "पोरीनी इचारला, दुकतंय का. सासट वर्सान कोनी इचारला नाय. बाजारात येतान ते इचारतान, पापलेट ताजा हाय का."

"पण अक्का, कधीपासून?" दाजींनी विचारलं. बहिणीच्या हाताकडे त्यांनी आत्ता प्रथम पाहिलं. बोटांची पेरं सुजून सुपारीएवढी झाली होती.

"पयल्या दिसापासून."

दारातून सगुणाचा आवाज आला. "चंदू, तुझ्या आईला विचार, मग त्या दिवशी हसल्या कशाला?"

चंदूने तोंड उघडलं. आवडाबाईंनी हाताने त्याला गप्प केलं आणि भावजयीकडे वळल्या.

"माजी सासू बाजूला बसलेली, सगुना. मी रडले तवा ती माज्याव हसलेली. तू रडलीस, तवा माजे हात बर्फानच होते. हसले नसते त मी पन रडले असते, न मंग दोगींना तिनी हसला असता."

अठ्ठावीस वर्षांनी आपलं नाव त्या तोंडून ऐकून सगुणा गडबडली. "हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"कोनाच्या मार्फत सांगू? मांजराच्या?"

सगुणा आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. दाजींनी ओळखलं की आता काहीतरी फुटणार. पण ती बाहेर आली ती बक्षिसाचा हंडा घेऊन. "प्रथम क्रमांक" ही दाजींनी चिकटवलेली चिठ्ठी त्यावर तशीच होती. बंबातलं कढत पाणी त्यात ओतून, वर तांब्याभर गार घालून तिने कोपराने पाणी पाहिलं. बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं.

"अगं, अगं, तो हंडा बक्षिसाचा आहे!" दाजी म्हणाले.

"मग बक्षीसच देत्येय," सगुणा म्हणाली. "वन्सं, हात घाला."

आवडाबाईंनी दोन्ही हात घातले. त्या किती वेळ तशा बसल्या हे सांगता येणार नाही, कारण मंजुळाने घड्याळ लावलं नव्हतं.

मग मंजुळा उठली आणि वहीतलं पान तिने उभं फाडलं.

"हे सगळं रद्द," ती म्हणाली. "जेवून घ्या. हात कोरडे करा, ऊब येऊ द्या. दोन तासांनी पुन्हा करू. आतल्या खोलीत, दार लावून, एकेकाने यायचं. कोणी किती वेळ ठेवला ते बाहेर कोणाला कळणार नाही. बाबांना तर नाहीच. आणि बक्षीस नाही."

"बक्षीस नाय त मंग कनाला करायचा?" कळव्याकडून कोणीतरी विचारलं.

उत्तर आवडाबाईंनी हंड्यातून हात न काढता दिलं. "पोरीला पायजे म्हनून. अजून काय पायजे रं तुना?"

जेवणात सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मीठ बरोबर असल्याचं नामाने कबूल केलं. तीन वाजता तोच पहिला आत गेला. त्याने दार लावलं, कडी ओढून पाहिली, खिडकीही लोटली. हात घातला.

नवव्या सेकंदाला तो म्हणाला, "दुकतंय."

मंजुळाने लिहिलं. तो हात तसाच ठेवून बसला. अडीच मिनिटं बसला. काढल्यावर म्हणाला, "मंजू, कलव्याला नको सांगू."

"नाही सांगणार."

"ठान्याला पन नको."

चंदूचे सात सेकंद झाले. "मगाचं ते तीनशे ना, फेकाफेकी होती," तो म्हणाला.

"माहितेय."

"कांदा पण नव्हता."

"तेही माहितेय, चंदू."

एक म्हातारा आत येऊन हात घालण्याआधीच गुडघ्याबद्दल बोलायला लागला. एकीने पाठीचं सांगितलं, एकीने शिंगाळा माशाचा काटा घुसलेलं बोट दाखवलं, अकरा वर्षांपूर्वीचं. मंजुळाकडे त्याला रकाना नव्हता. तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि तेही लिहून घेतलं. पुढे मागचीच पानं जास्त भरली.

संध्याकाळी कळव्याची मंडळी गेल्यावर तिने बेरीज केली. विद्यार्थ्यांना सरासरी बाराव्या सेकंदाला दुखायला लागलं होतं, आणि इथे अकराव्या. सहन करण्यात मात्र विद्यार्थी मिनिटभरात बाहेर, आणि ही माणसं अडीच-तीन मिनिटं. नसा बोथट वगैरे काही नव्हत्या. दुखत सगळ्यांना सारखंच होतं. यांनी फक्त त्याची वाच्यता करायची नाही असं ठरवलं होतं, आणि ते कधी ठरलं, कोणी ठरवलं, हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

सगुणा हात पुसत आत आली. "माझा नाही का घेणार हात?"

"तू चारच महिने बसलीस, आई. तू विद्यार्थ्यांत नाहीस आणि बर्फवाल्यांतही नाहीस. कुठल्याच गटात बसत नाहीस."

"ते मला लग्नापासून माहित्येय," सगुणा म्हणाली आणि कपाटावरचा फॉर्म काढून तिने मंजुळाच्या हातात दिला. "मागची बाजू कोरी आहे. तुझे आकडे लिहायला होईल. डोंबिवलीत जागा काय, दरवर्षी निघतात. वन्सं म्हणत होत्या."

"आत्या म्हणत होती? तुला?"

"मग काय मांजराला?"

सोमवारी सकाळपासून लोक दाजींना निकाल विचारू लागले. दार बंद झाल्यामुळे उत्सुकता वाढली होती. दाजींना आकडे माहीत नव्हते. मंजुळाने एकच वाक्य सांगायची परवानगी दिली होती. दुपारी फळ्यावर सूचना आली.

"रविवारच्या स्पर्धेचा निकाल. तपासणीअंती ठाणे व कळवा या दोन्ही बाजूंच्या सर्व मंडळींना दुखते असे आढळून आले आहे. हंडा श्रीमती आवडाबाई यांना देण्यात आला असून तो वापरात आहे. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. संयोजक."

हरकत एकच आली. मंगळवारी सकाळी, मासळीच्या टोपलीवर ठेवून, कळव्याहून. नामाने लिहिलं होतं की दुखते हे मान्य, पण कळव्याला जरा उशिरा दुखते, याची नोंद व्हावी.

दाजींनी ती फाइलला लावली. मंजुळा वही घेऊन मुंबईला गेली.

समितीत पाच जण होते. सरांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा काढून तिसऱ्यांदा पाहिले. त्यांना हवी असलेली, न दुखल्याची रेघ कुठेच नव्हती.

"म्हणजे दुखतं," सर म्हणाले.

"हो, सर."

"आपल्या मुलांइतकंच."

"एक सेकंद आधी, सर."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग, समिती बसलेली आहे हे विसरून, एखादं लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं, "मग ते सांगत का नाहीत?"

"त्यासाठीच अजून दोन वर्षं हवीत, सर," मंजुळा म्हणाली.

समितीने दोन वर्षं दिली. लागली अकरा.